पाप ओळखणारा झरा

नेवाडाच्या माळावर चाळीस पिकअप उभे होते आणि उकळत्या झऱ्याभोवती दीडशे माणसं गुडघे टेकून बसली होती. लाइल तेवढा उभा होता, तोही दोन धिप्पाड भाविकांनी बगलेत हात घालून धरला होता म्हणून. त्याचं नाक फुटलं होतं आणि एक दात शर्टाच्या खिशात होता. बिचारा गुडघे शेकायला वाट वाकडी करून आला आणि ब्रदर एझ्राचं प्रवचन ऐकून फिस्सकन हसला. गुन्हा एवढाच.

"झरा बोलेल!" ब्रदर गरजला आणि त्याने पश्चात्तापाची पुरचुंडी पाण्यात सोडली. "हा निष्पाप असेल तर पाणी निजून राहील. पण खवळलं, तर ह्याला आतच धुऊन काढू!"

"धुऊन म्हणजे?" लाइलच्या थोरल्या बहिणीने, ओपलने, शेजारच्या मर्टलला विचारलं.

"आत ढकलायचं. आत्मा शुद्ध होतो."

"आणि कातडं?"

"ते सुटतं. माझ्या नवऱ्याला, वेंडेलला, मार्चमध्ये धुतलं. कसा शांत झाला!"

तेवढ्यात वारा फिरला आणि लिंबाचा वास आला. तीस वर्षं लाँड्री चालवलेल्या बाईला तो वास कोणी शिकवायला नको. कडेला फेसही दिसत होता.

"अरे, हा तर कपड्यांचा साबण!"

मागून कोणीतरी तिच्या डोक्यात भजनांचं पुस्तक हाणलं. ती तशीच पुढे घुसली, एका पहारेकऱ्याच्या नडगीवर लाथ घातली आणि ब्रदरचा टाय धरला. "ब्रदर, आधी तुम्ही उभे राहा ना इथे! पाणी निजतं कसं, बघू द्या आम्हाला."

"हो हो, दाखवा ब्रदर!" गर्दी खूश झाली.

"सोड, बये! आता फुटेल ते!" ब्रदर किंचाळला.

आणि फुटलंच. तीस फूट उसळलं, ब्रदरची टोपी घेऊन गेलं.

"ब्रदर पापी!" लाइलला टाकून सगळे त्याच्यावर तुटून पडले. बूट, पट्टे, कोणाची तरी कुबडी. दोघांनी पाय धरले आणि काठाकडे ओढला.

"थांबा, मूर्खांनो!" ओपल मध्ये आडवी पडली. "खाली पाणी उकळून कोंडलेलं असतं. पुरचुंडीतला साबण पडला की बुडबुडे मोकळे सुटतात आणि सगळं उसळतं. अर्धा तास थांबा. माझ्याकडे साबणाची वडी आहे."

झरा पुन्हा भरेपर्यंत ते ब्रदरच्या छातीवर बसून राहिले. मग ओपलने सगळ्यांना लांब हटवलं आणि वडी फेकली. काठावर चिटपाखरू नव्हतं. पाणी तसंच उसळलं, तेवढंच उंच.

"सांगा आता, पापी कोण? वडी?"

मर्टल आपल्या तळहातांकडे बघत होती.

"वेंडेलला पहिला धक्का मीच दिला होता," ती म्हणाली.

ओपल हळूच म्हणाली, "पाण्याला पाप कळत नाही, बाई. ढकलायच्या आधी एकाने तरी विचारायचं होतं, त्या पुरचुंडीत काय आहे म्हणून."