बाबाने पुसलेली रेघ

हॉल खच्चून भरला होता. खुर्चीवर उभा राहून बाबा कागदाची एक पट्टी नाचवत होता.

"तीन दिवसांपूर्वी या वेल्डरच्या लघवीच्या पट्टीवर दोन रेघा होत्या! एक व्यसनाची, एक दवाखान्याच्या गोळीची. आता मोजा!"

"एकच!" हॉल गरजला.

"काढ्यानं गोळीचं विष पुसलं! उरलेली व्यसनाची रेघही पुसेल!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली बाई तर रडायलाच लागली. लघवीची पट्टी बघून रडणारं माणूस मागे उभ्या असलेल्या फिटरने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

वेल्डर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आपल्या ताईसारखाच, म्हणजे फिटरच्या बायकोसारखाच, तोही अफूचं व्यसन सुटावं म्हणून दवाखान्याची जिभेखाली गोळी ठेवायचा. ताईने बाबाच्या नादी लागून गोळी सोडली, काढा घेतला आणि दोन महिन्यांपूर्वी ती गेली. श्रद्धा कमी पडली, असं बाबा म्हणाला आणि मेहुण्याला ते पटलं. म्हणून आज फिटर दवाखान्यातल्या सिस्टरला घेऊन आला होता.

सिस्टरने तशीच एक पट्टी साध्या पाण्यात बुडवली. दोन रेघा. दुसरी, मेहुण्याच्या बाटलीतल्या, पाण्यात कालवलेल्या काढ्यात. एक रेघ.

"ही पट्टी अफू शोधते. अफू सापडली की दुसरी रेघ उमटत नाही. आमची गोळी हिच्यावर दिसतच नाही. तीन दिवसांपूर्वी दोन रेघा होत्या, म्हणजे याच्या अंगात अफू नव्हती. काढ्यातून ती यांनी पाजली."

"ती वनस्पती आहे!" बाबा ओरडला.

"अफूही झाडालाच येते, बाबा."

"काढ्यावर श्रद्धा ठेवा..."

"पट्टीला श्रद्धा लागत नाही. दोन थेंब लागतात."

मेहुणा पांढराफटक पडला. "दाजी, मला तर इतकं बरं वाटत होतं."

"अफूनं कुणाला वाईट वाटतं, शहाण्या?"

मेहुण्याने काढ्याची बाटली सिस्टरच्या हातात दिली. "गोळी आत्ता घेऊ?"

"मुळीच नको. अंगात अफू असताना घेतलीस तर त्रासानं लोळशील. आधी डॉक्टर."

फिटरला भाषण येत नव्हतं. तो जागेवरूनच बोलला.

"माझ्या बायकोनं काढ्यावर झोपेची गोळी घेतली. भर दुपारी घोरत होती. मला वाटलं, बिचारीला झोप लागली. तिचा श्वास थांबत होता. दवाखान्याची गोळी सोडायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. सोबत दारू नको, झोपेची गोळी नको, असल्या बाटल्या तर नकोतच. आणि माणूस घोरतोय पण हलवून उठत नसेल, तर देवाला नंतर बोलवा. आधी अ‍ॅम्ब्युलन्स."