मागचं डावं चाक

श्यामलाने पान्याच्या दांड्यावर उजवा पाय रोवला, एका हाताने गाडीचं टप धरलं आणि अंगातला सगळा भार टाकला. नट हलला नाही. पाना मात्र सटकला, खणकन फरशीवर आदळला आणि तिची नडगी बंपरच्या कडेवर आपटली.

“काय पाडलंस?” कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेल्या फोनमधून सुदर्शनचा आवाज आला. तो वर, पहिल्या मजल्यावरच्या घरात, पलंगावर उशांना टेकून पडला होता.

“पाना निसटला.”

“पाना आपोआप निसटत नाही. नीट बसवला नसशील.”

ती नडगी चोळत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात गाडी बहुतेक वेळा तिनेच चालवली होती, पण गाडीला हात लावायचा अधिकार सुदर्शनचा. खडकीच्या कारखान्यात तो तपासनीस होता. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करण्यात त्याची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते काम त्याने घरी चालू ठेवलं.

तो बाथरूममध्ये घसरला आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. मागचं डावं चाक पार बसलं होतं. उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी श्यामलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हाड छान जुळलंय. पण आता चालले नाहीत, तर पुढे चालणार नाहीत.” वॉकर मात्र पलंगाशेजारी नुसता उभा होता, त्याच्यावर टॉवेल वाळत होते. व्यायाम करून घ्यायला येणारा ऋषी एकदा “शाबास काका, चार पावलं झाली” म्हणाला, तर सुदर्शनने तोंड फिरवलं आणि तो आडवा झाला. लहान मुलासारखं कौतुक करून घ्यायची त्याला लाज वाटली असावी. त्यानंतर रोज काही ना काही दुखत होतं.

आज सकाळी तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला होता, “रिक्षात धक्के बसतात. गाडी नीट कर, मग येतो.”

नीट कर. जणू शर्टाचं बटण होतं.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावण्याची सोय नव्हती. नट फार आवळतोस म्हणून सुदर्शनने त्याला भर रस्त्यात असं काही सुनावलं होतं, की तो या बिल्डिंगचं नाव काढू देत नसे. म्हणून श्यामलाने डिकीतून जॅक आणि पाना स्वतःच काढला होता. उद्यासाठी या माणसाकडे एकही सबब शिल्लक ठेवायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे ज्ञानदेव मोरे मार्केट यार्डातून भाजीच्या पिशव्या घेऊन आले आणि थबकले.

“काय वहिनी, पंक्चर का?”

“नाही. चाकाला व्यायाम देतेय.”

मोरे हसले आणि त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. “सरका, मी बघतो.”

“मोऱ्यांना हात लावू देऊ नकोस,” फोन म्हणाला. “आटे घालवतील.”

मोऱ्यांनी एकदा भिंतीवरच्या फोनकडे बघितलं आणि पिशव्या उचलल्या. “चालू द्या,” एवढंच म्हणून ते निघून गेले.

श्यामलाचे कान तापले. एकदा वाटलं, फोन गटारात टाकावा. तिने तो नुसता बंद केला आणि पर्समध्ये कोंबला.

मग ती चाकासमोर उकिडवी बसली. शिवणाच्या मशीनचं तेल तिने पाचही नटांवर सोडलं. हातोडीने ठोकलं. गंजाची पूड बोटांना चिकटली. “निघ,” ती दात आवळून म्हणाली. “निघ म्हणते ना. किती दिवस असा बसून राहणार आहेस? सगळ्यांनी तुझ्या पुढेमागे करायचं, आणि तू जागचा हलणार नाहीस.” घाम डोळ्यांत गेला. तिने पाना पुन्हा नटावर बसवला, उभी राहिली आणि दांड्यावर पाय दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर जवळजवळ उडीच मारली.

“अगं, आवळतेयस तू तो.”

तिने मान वर केली नाही.

“दांडा उजवीकडे ठेवून वर उभी राहिलीस तर नट आवळलाच जाणार. डावीकडे घे दांडा. एवढी साधी गोष्ट आहे.”

“एक शब्द बोलू नका,” ती ओरडली. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी खिडकीशी आलं. “पलंगावर लोळत शहाणपण शिकवणं सोपं आहे. तुम्हाला तिथून दिसतंय का मी काय करतेय ते?”

“चांगलं दिसतंय.”

ती पुढचं वाक्य बोलायला गेली आणि थांबली. फोन पर्समध्ये होता. बंद होता.

तिने वर बघितलं. गॅलरीच्या कठड्यावर सुदर्शनने दोन्ही हात घट्ट रोवले होते. केस विस्कटलेले, चेहरा संतापाने लाल. गजांमधून त्याचे अनवाणी पाय दिसत होते, आणि बाजूला वॉकरचे पाय. एक टॉवेल अजून त्याच्यावर लोंबत होता. पलंगापासून गॅलरीपर्यंत मधे अख्खा हॉल होता.

तिच्या ओठांवर ‘शाबास’ आलं. तिने ते गिळलं आणि चटकन मान खाली घातली.

दांडा डावीकडे घेतला. पाय ठेवला, हळूच दाबला. पायाखाली नट करकरला आणि जरासा फिरला. तिने पाय काढून घेतला.

“नाही निघत,” ती म्हणाली.

“पूर्ण वजन टाकलंस का?”

“टाकलं.”

“नाही टाकलंस. मी बघतोय ना. टाचेने नको, चवड्याने दाब. आणि दांड्याच्या टोकाला.”

“वरून ओरडलेलं मला कळत नाही.”

“मग फोन कशाला बंद केलास?”

“फोनवरचंही कळत नव्हतं.”

“मग काय, मी खाली येऊ?”

“या,” श्यामला म्हणाली. आवाज तिने होता तेवढाच कडू ठेवला. “कोणी अडवलंय?”

तिने नजर वळवली तेव्हा कठडा रिकामा होता. वॉकर टेकल्याचा दबका आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आला. तो पलंगाकडे चालला होता की दाराकडे, ते खालून कळेना. धावत वर जावं असं तिला फार वाटलं. तिने पाना दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि डिकीतून काढून ठेवलेल्या जादा चाकावर बसून राहिली.

पार्किंगच्या टोकाला लिफ्ट दार उघडं टाकून उभी होती. जरा वेळाने तिचं दार आपोआप मिटलं आणि ती रिकामी वर गेली. दारावरचा आकडा एकवर थांबला.