बंबाला दिलेल्या फळ्या

पारईचा आणखी एक घाव बसला आणि बंबखान्याचं कुलूप तुटून पडलं. किल्लीवाला अलिबागला गेला होता. कोळीवाड्यातला धूर मात्र इथूनही दिसत होता.

"ओढा!" केसर ओरडली.

बंबावरचा गुणाजी आणि पाच-सहा कोळी यांनी आगीच्या बंबाचं ते जुनं पितळी धूड खाडीपर्यंत ओढत नेलं.

आग बाळाजीच्या अंगणातून उठली होती. होडीला लावायचं डांबर चुलीवर ठेवून तो जेवायला बसला होता. आता त्याची पडवी जळत होती, आणि वारा ओळीतल्या पुढच्या झावळ्यांच्या छपरांकडे वाहत होता.

गुणाजीने जाड नळी खाडीत सोडली, बॉयलरखालची भट्टी उघडली आणि तो तसाच उभा राहिला.

"कोळसा न्हाय. पंधरा ऑगस्टला साहेबांना फवारा दाखवला, त्यात संपला."

"मग हातानं मार पाणी!"

"हातानं न्हाय चालत, केसरबाय. आतलं पाणी उकळून वाफ झाली, तिनं दट्ट्या रेटला, तरच पंप हलतो."

बायकांनी नारळाची सोडणं आणून टाकली, झावळ्या टाकल्या. सगळं भुर्रकन जळून गेलं. वाफेचा काटा जागचा हलेना.

"टणक लाकूड पायजे," गुणाजी म्हणाला.

बाळाजीची नजर केसरच्या अंगणाकडे गेली. तिचं घर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरक्षित होतं. दारात सागाच्या फळ्या रचलेल्या होत्या. नवरा दर्यात बुडाल्यावर याच धाकट्या दिराने, बाळाजीने, घरच्या होडीतला तिचा वाटा बंद केला होता. तेव्हापासून दुसऱ्यांच्या मासळीच्या पाट्या वाहून तिने एकेक फळी जमवली होती. त्यांतून तिचा भाऊ सदा स्वतःची होडी बांधणार होता.

"वहिनी, त्या फळ्या..."

"एक उचल. डोकं फोडीन."

पारई अजून तिच्या हातात होती. कोणी पुढे झालं नाही.

बाळाजीची बायको मैना शेजारच्या म्हाताऱ्या नीराबाईला पाठीवर घेऊन धुरातून बाहेर आली. तिच्या मागे नीराबाईचं छप्पर पेटलं.

केसरने पारई फेकली. अंगणातून कुऱ्हाड उचलली आणि पहिली फळी स्वतः फोडली. प्रत्येक घावाला ती शिव्या घालत होती. बाळाजीला, साहेबांना, मेलेल्या नवऱ्यालाही. सदा ओठ मिटून ढलप्या वाहत होता.

साग पेटला. बॉयलर कण्हू लागला, काटा चढला, दट्ट्या धडधडला आणि नळीतून खारं पाणी सुटलं. नीराबाईचं घर गेलं, बाळाजीचं अर्धं राहिलं. पुढची ओळ वाचली. तोवर केसरच्या दारात एकही फळी उरली नव्हती.

काजळलेला बाळाजी तिच्यासमोर आला.

"वहिनी, तुझे उपकार..."

"बंबाला दिल्या. तुला न्हाय."

आठवड्याने बाळाजीकडची घरची होडी पुन्हा दर्यात गेली. परतली तेव्हा किनाऱ्यावर मैनासोबत केसरही पाटी घेऊन उभी होती. कोणाला काही न विचारता तिने मासळीच्या ढिगाचे दोन भाग केले आणि आपला वाटा पाटीत भरू लागली. खलाशी बाळाजीकडे बघत राहिले. त्याने उरलेला भाग आपल्याकडे ओढला.

पाटी जड झाली. ती डोक्यावर चढवून द्यायला बाळाजी वाकला.

"मैना," केसरने त्याच्याकडे न बघता हाक मारली, "पाटी दे गं उचलून."