काय काय जाईल ते पाहा

संगणकापुढे घरातली सगळी माणसं सारखीच असतात. निदान तो तारीख विचारेपर्यंत तरी.

अप्पा रेवणकरांनी मंगळवारी संगणकाच्या पडद्याच्या तळाची पट्टी वरच्या कडेला नेऊन ठेवली, तेव्हा त्यांच्या इचलकरंजीच्या फ्लॅटमधला चपलांचा स्टँड छताला जाऊन चिकटला. बुधवारी त्यांनी आयकॉन मोठे केले. दुसऱ्या सकाळी चहाचे कप बादलीएवढे झाले होते. गुरुवारी त्यांनी रंग कमी केले आणि देव्हाऱ्यातलं कुंकू राखाडी दिसू लागलं. कुणी आरडाओरडा केला नाही. आई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, तेवढ्या झाडूच्या दांड्याने चपला खाली पाडायला शिकल्या.

शुक्रवारी अप्पांच्या मुलाने, निनादने, उपाय सांगितला. "संगणक मागच्या एखाद्या चांगल्या तारखेवर नेऊन ठेवायचं. फायलींना धक्का लागत नाही. त्यानंतर बसवलेले प्रोग्राम तेवढे निघून जातात."

"बारा एप्रिलला छान चाललं होतं," आई म्हणाल्या.

मृणाल मे महिन्यात निनादशी लग्न होऊन या घरात आली होती. माऊस तिच्या हातात होता, कारण काय करायचं ते सांगणारे तिघे असले की क्लिक करायचं काम तिच्याकडे येई. तिने तारीख निवडली. खाली एक बटण होतं: काय काय जाईल ते पाहा. तिने पाहिलं. प्रिंटरचा ड्रायव्हर, मृणाल निनाद रेवणकर, आणि एक कॅलेंडर.

"निनाद, यात मी आहे."

निनाद वाकला. "आहेस खरी."

"मी फाईल आहे की प्रोग्राम?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "फाईल आपण घरीच तयार करतो. प्रोग्राम बाहेरून आणून बसवतात."

"म्हणजे तू फाईल."

"मी इथलाच ना गं."

"लग्नात तांदळात लिहून माझं नाव बदललंत की तुम्ही."

नाव बदलल्याने प्रकार बदलत नाही, अशी ओळ पडद्यावर उमटली.

"एवढं काय घाबरायचं?" आई म्हणाल्या. "मीही बाहेरूनच आले. माझी तारीख आधीची, इतकंच. आणि गरज लागलीच तर परत बसवता येतं म्हणे."

मृणालने 'रद्द करा' दाबलं. बटण फिकट झालेलं होतं, नुसतं नख वाजलं. तयारी सुरू आहे, साठ सेकंदांत काम आपोआप सुरू होईल, असं पडद्याने कळवलं. मागे मांडणीवर, तिच्या माहेरच्या ताटांवर कोरलेलं नाव एकेक अक्षर पुसलं जात होतं. स्टीलवर नख ओढल्यासारखा बारीक आवाज येत होता. तिने खाली पाहिलं. जोडवी फरशीवर पडली होती आणि त्यांच्यात बोटं नव्हती.

"अप्पा, तुम्ही तरी काही बोला."

अप्पा बोलले. "आयकॉन मोठेच राहतील ना?"

चाळीस सेकंद उरले. तारखांच्या यादीखाली एक बारीक चौकोन होता: आणखी जुन्या तारखा दाखवा. तिने त्यात खूण केली. यादी घसरत घसरत खूप मागे गेली.

"आई, तुमचं लग्न कधीचं?"

"शहाऐंशीच्या फेब्रुवारीतलं. का गं?"

मृणालने शहाऐंशीचा जानेवारी निवडला आणि काय काय जाईल ते पुन्हा पाहिलं. आता आईंचं पूर्ण नाव सर्वांत वर होतं. तिचं स्वतःचं तिथेच होतं, ते कोणत्याही तारखेला जाणारच होतं. निनाद यादीत नव्हता. फायलींना खरोखरच धक्का लागत नव्हता.

"मृणाल, तो माऊस इकडे दे बघू," आई म्हणाल्या.

तिने क्लिक केलं.

आईंचा आवाज आधी गेला, मग पुढे आलेला हात, मग पदर. मृणाल खालून वर जात होती. कमरेपर्यंत खुर्चीची पाठ दिसू लागली, मग गळाही गेला. डोळे अजून होते.

स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली, लगेच चौथी. अप्पा आणि निनाद दारात जाऊन उभे राहिले.

"बंद कसा करायचा रे?"

"तिला विचारा," निनाद म्हणाला.

शेगडीचं बटण कोणत्या बाजूला फिरवतात, हे त्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.