तिसऱ्या मजल्यावरची पेटी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आहात. पाय उचलत नाही. वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी लोकांना विचारत आहे, "जिना चढायला त्रास होतो का?" उत्तर तुमच्या ओठांवर आहे, पण ते ऐकायला खाली कुणी येत नाही. कसे वाटेल?

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या झाकणाला दोन फटी आहेत. एकीवर 'हो' कोरले आहे, दुसरीवर 'नाही'. ज्याला जे वाटेल त्या फटीत त्याने एक मणी टाकायचा. एका सुताराने मला शाळेसाठी घडवले. रंधा मारताना तो शीळ घालायचा आणि माझ्या कडांवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवून बघायचा. लहान मुलांच्या बोटात कुसळ जायला नको ना!

शाळेतले दिवस सुखाचे होते. मधल्या सुट्टीत मैदान सगळ्यांना पुरते का, हे एकदा बाईंना मुलांकडून जाणून घ्यायचे होते. मुले मला उचलून मैदानातच नेऊ लागली.

"तिथं खेळणारेच भेटतील," बाई म्हणाल्या. "ज्यांना जागा मिळत नाही ते व्हरांड्यात बसलेत. त्यांचं काय?"

त्यांनी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी केली, डब्यात घालून खूप हलवली आणि न बघता काही चिठ्ठ्या काढल्या. एक चिठ्ठी तापाने घरी झोपलेल्या मुलीची निघाली.

"बाई, दुसरी काढा ना!"

"का? तिला मत नाही?"

संध्याकाळी बाई मला काखेत घेऊन तिच्या घरी गेल्या. ती त्या सुताराची नात होती. तापलेल्या हाताने तिने माझ्यात टाकलेला मणी मला अजून आठवतो.

पुढे बाईंची बदली झाली. मी अडगळीत पडले आणि तिथून एका दवाखान्यात गेले. तिथे हाडांच्या रुग्णांना व्यायाम शिकवायची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद पडलेली होती. यातली गंमत कुणाच्याच लक्षात येत नव्हती.

त्याच सुमारास सुतार शिडीवरून पडला. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. रोज व्यायाम केला तर चालशील, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले. नात त्याला चाकाच्या खुर्चीतून जिन्यापर्यंत आणायची.

"आबा, दोन पायऱ्या तरी चढा."

"दोन चढून काय करू? तिथंच घर बांधू?"

हसत हसतच दोघे परत जायचे. काही दिवसांनी येईनासे झाले.

लिफ्ट दुरुस्त करायची की नाही, हे लोकांनाच विचारायचे व्यवस्थापक साहेबांनी ठरवले आणि मला व्यायामाच्या खोलीच्या दारात ठेवले. तिसऱ्या मजल्यावर! शेजारी शिपाई मणी घेऊन उभा. "काही त्रास नाही ना चढायला? मग या फटीत टाका."

एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "आता आलोच आहे वर, तर टाक नाहीमध्ये."

माझी 'नाही'ची बाजू गच्च भरली. साहेबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "पेटी खोटं बोलत नाही!" लिफ्टला कुलूप लागले आणि दारापुढे मोडकी कपाटे रचली गेली. मित्रांनो, माझ्यातला एकेक मणी खरा होता आणि सगळे मिळून धादांत खोटे बोलत होते. ती शाबासकी मला अजून बोचते.

हे कळल्यावर नात एकटीच वर आली.

"साहेब, माझ्या आबांना विचारलंत?"

"ते वर आले होते का?"

"त्यांना येताच येत नाही."

"मग कसं विचारणार, बाळ? आम्ही आलेल्या प्रत्येकाला विचारलं."

तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "ही पेटी आबांनी केलीय. नेऊ मी?"

"ने बाई," शिपाई म्हणाला. "तिचं काम झालं."

घरी आबांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "दे मणी. माझे सगळे दोस्त गुडघेवाले आहेत. तासाभरात 'हो'ची बाजू भरून टाकू."

"मग साहेबांसारखंच झालं, आबा."

तिने वस्तीतल्या प्रत्येक घराच्या क्रमांकाची चिठ्ठी केली, डब्यात घालून हलवली आणि डोळे मिटून पहिली काढली. ते घर कवायत मास्तरांचे होते. मास्तर तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत चढायचे.

"टाक परत डब्यात," आबा हळूच म्हणाले. "कोण बघतंय?" त्यांचा हात आखडलेल्या पायावर होता.

मित्रांनो, माझ्यात काय निघाले ते जरूर मोजा. पण आधी मला कुठे ठेवले होते आणि कुणापर्यंत नेलेच नव्हते, ते विचारा. माझी एवढीच विनंती आहे.

नातीने आबांच्या पायाकडे पाहिले. चिठ्ठी मुठीत चुरगळली, पुन्हा सरळ केली. मग बाई न्यायच्या तसे मला काखेत घेतले आणि जाऊन मास्तरांचे दार वाजवले.