बोटभर फांदी

"उडतं ते पाणी, मीठ नाही. म्हणून रोज साधंच पाणी घालायचं, सूनबाई, आणि रेघेपर्यंतच." हे सांगताना सासरे डोळ्यावरचं भिंगही काढत नसत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांना सगळं रेघेवर लागे.

त्या रेघेचा तिनं नेमच करून टाकला होता. सकाळी आंघोळ झाली की चहाच्या आधी काचेच्या टाकीपाशी जायचं, पाणी किती उतरलं ते बघायचं आणि गाळलेलं साधं पाणी मगानं सावकाश सोडायचं. तीन वर्षांत अंगात ताप असतानाही त्यात खंड पडला नव्हता. सासऱ्यांनी दिलेल्या नखाएवढ्या हिरव्या प्रवाळाचं एव्हाना पंजाएवढं झुडूप झालं होतं, फांदीफांदीच्या टोकाला जांभळा ठिपका.

आता त्या वाणाचं तेवढंच उरलं होतं. मांडीचं हाड मोडून सासरे दवाखान्यात पडले, आणि थोरल्या मुलाच्या घरी असलेल्या त्यांच्या टाकीचा पंप बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळी प्रवाळं चुन्यासारखी पांढरी पडली. घरी आल्यावर त्यांनी टाकी धुऊन घेतली, खारं पाणी भरलं, आणि त्या रिकाम्या पाण्यावर दिवा लावून बघत बसू लागले. थोरल्या जाऊबाईंना त्या कोपऱ्यात कपाट हवं होतं. "महिनाअखेरपर्यंत थांब," सासरे म्हणाले, "धाकटी बोटभर फांदी घेऊन येणार आहे." तिनं फोनवर तसा शब्दच दिला होता.

मग बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला चार दिवस जावं लागलं. परत येऊन बघते तो काय, झुडूप अंग चोरून उभं. फांद्यांवरच्या बारीक जिवांची एकही पाकळी बाहेर नाही.

"अहो, पाणी कुठलं घातलंत?"

"ते काय, मीठ कालवून ठेवलंय ते." नवऱ्यानं छाती पुढे काढली. "समुद्रातला जीव तो, त्याला अळणी पाजू? चार दिवसांत एकदाही चुकलो नाही हं मी."

"एखादा दिवस चुकला असतात तर बरं झालं असतं," ती हळूच म्हणाली.

पाणी इतकं खारट झालं होतं की खारटपणा मोजायची तरंगती नळी त्यात बुडायलाच तयार नव्हती.

"मग बदलून टाकू सगळं! बादली धरतो मी."

"तुम्ही खुर्ची धरा. एकदम बदललं तर उरलंसुरलंही जाईल."

एक मग खारं काढायचं, एक मग साधं घालायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सासऱ्यांना तिनं फोनवर सगळं खरं सांगितलं.

"टोकं जांभळी आहेत का?"

"आहेत बाबा. फिकी पडलीत."

"मग घाई करू नकोस. कपाट झालं तर झालं." पण आवाज खोल गेला होता.

नवव्या सकाळी तिनं सासऱ्यांनी दिलेलं जुनं भिंग डोळ्याला लावलं. फांदीवर बारीक बारीक पाकळ्या उमलल्या होत्या, आधी दोन, मग दहा, मग मोजताच येईनात. ती हसली आणि त्या दिवशी चहा घ्यायचाच विसरली.

आठवडाभर थांबून तिनं कात्री घेतली. एवढ्या जपलेल्या जिवाला आपल्याच हातानं कापायचं! श्वास धरून तिनं पातं मिटलं. कट्. बोटभर फांदी तळहातावर आली. तिनं ती चपट्या दगडावर चिकटवून टाकीत ठेवली. चौथ्या दिवशी तीही उमलली.

"हात थरथरला?" सासऱ्यांनी फोनवर विचारलं.

"नाही, बाबा."

"माझा थरथरला होता पहिल्यांदा." आणि मग तोंड वळवून, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं, ते गरजले, "थोरले! सुताराला सांग, गुरुवारी कपाटाचं माप घ्यायला येऊ नकोस. माझ्या सुनेनं वाढवलंय, म्हणावं!"

नवरा शेजाऱ्यांना "आमची टाकी, आमची टाकी" म्हणून सांगत फिरला. तिनं फिरू दिलं.

बुधवारी ती नेहमीसारखी उठली. आंघोळ केली, रेघेपर्यंत पाणी सोडलं. रुंद तोंडाच्या बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं, फांदी आत ठेवली, झाकण लावलं आणि बरणी उबदार राहावी म्हणून टॉवेलात गुंडाळून पिशवीत उभी केली. आत नवरा घोरत होता; जागा झाला असता तर बाबांकडे बरणी मीच नेतो म्हणाला असता. चपला हातात घेऊन तिनं कडी आवाज न करता काढली आणि पिशवी पोटाशी धरून एकेक पायरी उतरू लागली.