वाढीव एक इंच

मी एअर कूलर बोलतोय. थांबा, पाण्याची बादली आणायला पळू नका. खोलीत घोंघावणारा, बादलीभर पाणी पिणारा तो माझा लांबचा चुलता. त्याचं-माझं फारसं पटत नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, तापला की त्याच्या डोक्यावर बसून त्याला वारा घालायचा, एवढंच माझं शिक्षण.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगात तांब्याच्या नळ्या, त्यांवर पातळ पत्र्यांची चळत आणि पुढे पंखा. अंगाने धष्टपुष्ट, रंगाने राखाडी. दुकानात शेजारी एक रंगीत दिव्यांचा कूलर होता. गिऱ्हाईक त्याच्यावर भाळायचं आणि मी फळीवर म्हातारा होत होतो. मग मीही सूड उगवायचो. कुणी मला नुसतं चाचपून खाली ठेवलं, की पत्र्याच्या कडेने त्याच्या बोटाला हळूच चिमटा.

एके दिवशी मायलेकी आल्या. आई कपडे शिवणारी, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. लेक कॉम्प्युटरवर हलती चित्रं बनवणारी. तिची पहिली नोकरी एका छोट्या फिल्मवर अडली होती आणि ती फिल्म दुसऱ्या दिवशी द्यायची होती. काम लवकर उरकावं म्हणून बाईसाहेबांनी प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं. तो पळाला, तापला, आणि फिल्म अर्धी झाली की मशीन बंद. पुन्हा पहिल्यापासून.

लेकीचा डोळा दिव्यांवर. दुकानदाराने समजावलं, की दिव्यांनी उष्णता कमी होत नाही, नुसती छान दिसते. प्रोसेसर जास्त पळवायचा तर पत्रे भरपूर आणि पंखा दमदार हवा. फक्त उंची कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, मावली पाहिजे. आईने मला उचललं आणि कापड पारखावं तसे माझे पत्रे बोटांनी पाहिले. मी सवयीने चिमटा काढला. पण त्या बोटांनी जन्मभर सुया सोसलेल्या, तिला पत्ताही लागला नाही.

"हा भरीव आहे. हाच घे," ती म्हणाली.

कॅबिनेटचं माप तिनेच घरून घेऊन आणलं होतं. टेप लावली. मी तंतोतंत.

घरी मला बसवलं आणि कॅबिनेटचं दार लागेना. माझं डोकं इंचभर बाहेर. लेकीने आईकडे बघितलं. आईने कॅबिनेटकडे, मग टेपकडे, मग खिडकीबाहेर.

"माप बरोबरच घेतलं होतं गं," ती शेवटी म्हणाली. "त्यात एक इंच वाढीव धरला. सवयीने."

"आई, डबा वाढत नाही."

"लहानपणी तुझे सगळे कपडे असेच शिवले. तेव्हा नाही बोललीस."

दार उघडं ठेवावं, तर घरभर चिंध्या आणि धाग्यांची लव उडत होती. ती गिळून माझा पंखा गुदमरला असता आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. बदलून आणायला वेळ नव्हता. आई शिलाई मशीनवर बसली आणि जाळीच्या कापडाचं एक झाकण शिवलं. कडेने इलॅस्टिक, आणि माझ्या डोक्यासाठी मापात फुगवटा. आमच्या खानदानात कपडे घालणारा मी पहिलाच.

मग मी जो वारा घातला म्हणता! फिल्म अर्ध्याच्या पुढे सरकली. लेक नखं खात होती, आई एकच बटण परत परत शिवत होती. फिल्म पूर्ण झाली तेव्हा आईने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "बघ." एवढंच.

नोकरी लागली. लेकीने नवं कॅबिनेट आणलं, माप पुन्हा आईचंच. मला आत बसवलं तर माझ्या डोक्यावर बरोब्बर एक इंच जागा रिकामी. लेकीने तिथे बोट घालून पाहिलं, गालात हसली आणि दार लावून टाकलं.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर अधूनमधून ब्रशने त्याची धूळ झाडा. त्याने चिमटा काढलाच, तर राग धरू नका. माझं म्हणाल, तर या वयात उंची वाढायची आशा मी सोडली होती. पण घरची माणसं एवढी जागा राखून बसली आहेत म्हटल्यावर, प्रयत्न करून बघतो.